‘आमची पोर तसली नाही’

आगरदांड्याच्या जेटीवर दिघीच्या बोटीची वाट बघत बसलेल्या आयांपाशी एचपीव्हीच्या लशीचा विषय काढावा, तर उत्तर ठरलेलं: “आमची पोर तसली नाही, तिला कशाला?”

या बोलण्यामागे माया आहे, पण रोगाचं कारण त्यात चुकलं आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही या विषाणूमुळे. हा संबंध उलगडल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. हा संसर्ग दुखत नाही, खुपत नाही. जन्मभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो नवऱ्याकडून होऊ शकतो, आणि नवऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आधीच शिरलेला विषाणू लस काढून टाकत नाही, म्हणून ती ९ ते १४ या वयात, संबंध येण्याच्या कितीतरी आधी द्यायची. यात पोरीच्या चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे?

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: “गरिबांच्या मुलींवर प्रयोग झाले, मुली गेल्या.” २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा इथल्या लसीकरणानंतर सात मुली दगावल्या, हे खरं. वसतिगृहाच्या वॉर्डननी पालकांच्या जागी संमतीपत्रावर सह्या केल्या, हेही खरं, आणि तो अन्यायच होता. त्यावर पांघरूण घालून लशीची बाजू मांडता येणार नाही. पण मृत्यूंची कारणं चौकशीत तपासली गेली. कुणी बुडाली होती, कुणाला साप चावला होता, कुणाला मलेरिया झाला होता. लशीशी संबंध आढळला नाही.

त्या गदारोळात याच लशीच्या देशातल्या दुसऱ्याच एका अभ्यासातलं लसीकरणही सरकारने थांबवलं. त्यात बार्शी आणि पुण्याच्या मुलीही होत्या. जवळजवळ पाच हजार मुलींचे पुढचे डोस राहिले, एकच झाला. डॉक्टरांनी त्यांची दहा वर्षं पाठ सोडली नाही. २०२१ साली निष्कर्ष आला: कॅन्सरला मुख्यतः कारण असलेल्या, विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून त्या एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या वर संरक्षण दिलं. एक डोसही पुरतो, असं २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, त्यात या मुलींचाही वाटा आहे.

तेव्हा आईने जरूर विचारावं, सगळं मराठीत समजून घ्यावं, मगच सही करावी. आणि तिशी ओलांडली असेल तर स्वतःचीही तपासणी मागावी. तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांच्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते.