टायबीचा बॉम्ब आणि दोन कागद

अणुबॉम्ब हरवू शकतो का? अमेरिकेने एक हरवला आहे, आणि तो आजतागायत सापडलेला नाही.

५ फेब्रुवारी १९५८ च्या रात्री, सरावावर असलेले एक बी-४७ बॉम्बर आणि एक एफ-८६ लढाऊ विमान जॉर्जिया राज्यातील सवाना शहराजवळ हवेत धडकले. लढाऊ विमानाचा वैमानिक पॅराशूटने बचावला. बॉम्बरमध्ये सुमारे ३,४०० किलो वजनाचा मार्क-१५ हायड्रोजन बॉम्ब होता. मोडक्या विमानासह तो घेऊन उतरणे धोक्याचे होते. म्हणून वैमानिक हॉवर्ड रिचर्डसन यांनी परवानगी घेऊन तो टायबी बेटाजवळच्या उथळ समुद्रात टाकला आणि विमान सुखरूप उतरवले. नौदलाने दोन महिने शोध घेतला. १६ एप्रिलला बॉम्ब कायमचा हरवल्याचे जाहीर झाले.

मला मात्र बॉम्ब कुठे आहे यापेक्षा त्यात काय आहे, हा प्रश्न मोठा वाटतो. बॉम्ब ताब्यात घेताना केलेली पावती सांगते की अणुस्फोटासाठी लागणारा प्लुटोनियमचा गाभा त्यात नव्हता, त्याजागी नकली भाग होता. पण १९६६ मध्ये संरक्षण खात्याच्या डब्ल्यू. जे. हॉवर्ड या अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीला पत्र लिहिले. त्यात हाच बॉम्ब 'पूर्ण शस्त्र' म्हणून नोंदवला होता. हे पत्र लोकांसमोर यायला १९९४ साल उजाडले. हवाई दलाने पत्रातली नोंद चुकीची ठरवली. २००४ मध्ये एका निवृत्त अधिकाऱ्याला तिथे किरणोत्सार आढळला. सरकारी तपासणीने तो वाळूतल्या नैसर्गिक मोनाझाइटचा असल्याचे सांगितले.

पावती खरी असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तरीही गाभा नसला, तरी जवळपास १८० किलो स्फोटके आणि युरेनियम तिथे चिखलात आहेच. हलवणे जास्त धोक्याचे, म्हणून ते तिथेच राहू द्यावे, असा सरकारी निर्णय आहे.

कुरआनमध्ये साध्या कर्जाचा व्यवहारही लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, अशी ताकीद आहे. इथे तर लाखोंचा जीव घेऊ शकणारी वस्तू होती. तिचे दोन कागद, दोन्ही एकाच सरकारचे, आणि दोघांची साक्ष वेगळी. शस्त्र ही राज्यकर्त्यांकडे असलेली जनतेची अमानत आहे. तिचा हिशेब देताना 'आमच्यावर विश्वास ठेवा' एवढे उत्तर पुरत नाही. टायबीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मात्र तेवढ्यावरच भागवावे लागते आहे.