परदेशात शिकायचंय? व्हिसा हातात पडेपर्यंत जमीन विकू नका

गावाकडची पोरंही आता एम.एस. करायला अमेरिकेला जायला लागली आहेत. पण प्रवेश मिळाला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. २७ मे २०२५ ला अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबवलं. १८ जूनला ते परत सुरू झालं, पण सोशल मीडियाच्या तपासणीची अट लागली. तिकडे कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतं. मधल्या तीन आठवड्यांत अनेक घरांची झोप उडाली.

म्हणून पालकांनी आणि पोरांनी एवढं लक्षात ठेवावं.

तारीख लवकर घ्या : विद्यापीठाकडून आय-२० फॉर्म आला की सेव्हिस फी (३५० डॉलर) भरा, डीएस-१६० अर्ज भरा आणि मुलाखतीची तारीख धरा. कॉलेज सुरू होण्याआधी ३६५ दिवसांपर्यंत व्हिसा मिळू शकतो. व्हिसा नाकारला आणि १२ महिन्यांत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी परत अर्ज केला, तर सेव्हिस फी पुन्हा लागत नाही.

सोशल मीडिया : अर्जात मागच्या ५ वर्षांतली सगळी खाती खरी लिहा. मुलाखतीआधी ती पब्लिक करा. खातं लपवलं तर अंगाशी येतं.

पैसा : कर्ज मंजूर करून ठेवा, पण रक्कम व्हिसा मिळाल्यावरच उचला. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. विमानाचं तिकीटही पैसे परत मिळतील असंच काढा.

प्रवेश पुढे ढकलणं : व्हिसा वेळेत आला नाही तर पुढच्या सत्राला प्रवेश मिळेल का, हे विद्यापीठाला ई-मेल करून आधीच विचारा. शिष्यवृत्ती टिकेल का तेही लेखी घ्या.

दुसरा पर्याय : जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पण भारतीय विद्यार्थ्याला एपीएस प्रमाणपत्र लागतं आणि राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खास खात्यात दाखवावे लागतात.

एजंट : 'शंभर टक्के व्हिसा' म्हणणाऱ्याला हात जोडा. निर्णय वकिलातीतला अधिकारी घेतो, एजंट नाही. खोटं बँक स्टेटमेंट जोडलं तर कायमची बंदी येऊ शकते.

नांगरट झाली म्हणून आपण लगेच पेरत नाही, पावसाची वाट बघतो. इथंही तसंच करा. तयारी पूर्ण ठेवा, पण बापाची जमीन व्हिसाच्या भरवशावर लावू नका.