२००५ : पुराचं साल आणि आणखी एक तारीख

२००५ साल म्हटलं की कुणालाही २६ जुलैच आठवतो. मंगळवार होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्याला शंभरही नाही! लोकल बंद पडल्या. आमच्यातल्या नोकरीवाल्या काही जणी रात्रभर डब्यातच अडकल्या, तर काही दुसऱ्या दिवशी पदर खोचून रुळांवरून चालत डोंबिवलीला पोचल्या. वाटेत अनोळखी बायकांनी चहा दिला, कोरडे कपडे दिले.

या पुराला सगळे मुंबईचा पूर म्हणतात. आम्हाला ते खटकतं. उल्हास नदी बदलापुरात शिरली होती. वालधुनीच्या पाण्याने अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणच्या काठावरच्या वस्त्या बुडाल्या होत्या. आदल्याच दिवशी रायगडात महाडजवळ दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या. राज्यात हजारावर माणसं गेली.

पाणी ओसरल्यावर चाळीत कपड्यांच्या शेजारी कागद वाळत होते. रेशनकार्ड, पासबुक, मुलांच्या मार्कशीट, खोलीचा करार. काहींवर आम्ही हलकी इस्त्रीही फिरवली. पंचनाम्याला आलेला माणूस पहिलं विचारायचा, ‘खोली कुणाच्या नावावर?’ सासरे, नवरा, नाहीतर दीर. चिखल उपसणारीचं नाव क्वचितच कागदावर होतं.

पुढे वर्तमानपत्रांत राजकारणच जास्त होतं. नारायण राणे शिवसेनेतून आधीच बाहेर पडले होते, ऑगस्टात डान्सबारवर बंदी आली (ती पुढे कोर्टात टिकली नाही), वर्षअखेरीस राज ठाकरेही शिवसेना सोडून गेले. या गदारोळात ९ सप्टेंबर आमच्या लक्षातच आला नाही. त्या दिवशी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क मिळाला.

तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात हे १९९४ सालीच झालं होतं. झालं होतं, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. म्हणजे आम्हीच की! २००५ च्या कायद्याने ही लग्नाची अट गेली. तरी ‘वडील त्याआधीच वारले, आता काय मिळणार?’ असं बरीच वर्षं ऐकावं लागलं. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली असेल, तर ती तशीच राहते.

परवा आमच्या गटात आम्ही विचारलं, माहेरचा सातबारा किती जणींनी डोळ्यांनी पाहिलाय? दोनच हात वर आले. त्यातल्या एकीचे वडील तलाठी होते.