दर्भाचा कावळा

लॉस एंजेलिसमधल्या एका खोलीत एक मुलगी एका माणसाचा चेहरा रंगवते आहे. आधी पांढरा लेप, मग डोळ्यांवरून उभ्या उतरणाऱ्या काळ्या रेघा, मग ओठांच्या कोपऱ्यांपासून गालांवर ओढलेली काळी रेष, जिला हसू म्हणवत नाही. माणूस मेलेला आहे आणि हे त्याला नुकतंच कळलंय. मुलीचं नाव सेरा. ती अंगावर गोंदून देण्याचं काम करते, त्यामुळे हात सराईत आहे. आणि हा चेहरा तिनं लहानपणी पाहिलेला आहे.

१९९६ सालच्या ‘द क्रो: सिटी ऑफ एंजल्स’मधला हा प्रसंग. सिनेमा फसलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण इथे मी दर वेळी थांबतो. दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या सिनेमात नायकानं हाच चेहरा फुटक्या आरशासमोर बसून आपल्या हातानं रंगवला होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इथे नवऱ्या मुलाला मुंडावळ्या बांधाव्यात तसा तो दुसऱ्याला रंगवून दिला जातो. एकदा झालं तेव्हा ती त्या एकाची तडफड होती. दुसऱ्यांदा झालं आणि त्याची रीत झाली.

या चेहऱ्याचं मूळ शोधायला डेट्रॉइटला जावं लागतं. जेम्स ओबार तिथला, १९६०चा जन्म, अनाथ म्हणून वाढलेला. अठराव्या वर्षी लग्न ठरलेलं होतं. त्यानं तिला आपल्याला न्यायला बोलावलं, ती निघाली, आणि दारू प्यायलेल्या एका ड्रायव्हरनं तिला वाटेत चिरडलं. ‘मी बोलावलं नसतं तर’ हे वाक्य ज्यांच्या वाट्याला येतं त्यांचं पुढे काय होतं, हे आपण घराघरांत पाहतो. ओबार सैन्यात गेला. मरीन कोअरमध्ये भरती होऊन जर्मनीत पोहोचला, लष्करी पुस्तिकांसाठी चित्रं काढू लागला आणि १९८१मध्ये बर्लिनमध्ये असताना एक चित्रकथा काढायला बसला. त्यात त्यानं आणखी एक गोष्ट मिसळली. वीस डॉलरच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी एका तरुण जोडप्याचा खून झाल्याची डेट्रॉइटमधली बातमी त्यानं वाचली होती. वीस डॉलर. कथेतलं मारलं जाणारं जोडपं, एरिक आणि शेली, त्या दोन घटनांच्या बेरजेतून आलं.

एरिकच्या शरीराची बेरीजही अशीच उसनी. चेहरा ‘बाउहाउस’ या इंग्रजी बँडच्या पीटर मर्फीचा, आणि काटक, वायरसारखं अंग इगी पॉपचं. रंग आले ते एका इंग्रजी नाट्यगृहाच्या दर्शनी भागावर रंगवलेल्या, कळसूत्री बाहुलीसारख्या मुखवट्यावरून. पोलिसांची नावंसुद्धा गाण्यांतली: अल्ब्रेख्ट आणि हूक, म्हणजे ‘जॉय डिव्हिजन’ या मँचेस्टरच्या बँडमधले दोघे वादक. ज्या पोराला दुःख बोलून दाखवता येत नाही तो आवडत्या गायकांचे फोटो भिंतीला चिकटवतो. ओबारनं भिंतीऐवजी कागद वापरला.

चित्रकथा छापून यायला १९८९ उजाडलं. मिशिगनमधल्या ‘कॅलिबर’ या छोट्या प्रकाशनानं ती काढली, काळ्यापांढऱ्यात. पुढे पुस्तकरूपानं ती हजारो हातांत गेली. तिच्यातला कावळा अजून बराच मोकळा आहे. तो बोलतो, टोमणे मारतो, एरिकला जुन्या आठवणींकडे बघू नकोस म्हणून दटावतो. कावळ्याला जखम झाली की नायकाचं बळ ओसरतं, हा नियम सिनेमानं घातला. नियम सांगणारं एक पात्रही होतं, कवटीच्या तोंडाचा काउबॉय. पडद्यावर येण्याआधी त्याला कात्री लागली आणि नियम सांगायचं काम छोट्या सेराच्या निवेदनाकडे आलं. माणूस मेला की कावळा त्याचा आत्मा पलीकडे नेतो. पण कधीकधी दुःख इतकं अवजड असतं की आत्मा तिकडे टिकत नाही, मग कावळा त्याला परत घेऊन येतो, राहिलेलं पुरं करायला.

मराठी माणसाला इथे खुर्चीत सरळ बसावंसं वाटतं. ओबारला आपला दहावा ठाऊक असण्याचं काही कारण नाही, आणि असा बादरायण संबंध मी जोडणारही नाही. पण राहिलेली वासना आणि कावळा ही जोडी आपल्याला शिकवावी लागत नाही. आमच्या एका काकांच्या दहाव्याला घाटावर पाऊण तास कावळा शिवला नाही. पिंड मांडलेले, शेजारी त्यांच्या आवडीची जिलबी, कठड्यावर दोन कावळे माना वाकड्या करून बसलेले. कुणी म्हणालं, मुलीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका. थोरला भाऊ हात जोडून म्हणाला, घर विकणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. शेवटी गुरुजींनी घड्याळ पाहिलं, दर्भाच्या दोन काड्या वाकवून गाठ मारली आणि त्या गाठीचा पिंडाला स्पर्श करवला. झाला दर्भाचा कावळा. संध्याकाळी घरी सगळे एकमेकांना सांगत होते, शिवला हो. घर दोन वर्षांत विकलं गेलं, ते सोडा.

आपल्याकडे कावळ्याची समजूत काढायची ती वचनं देऊन. डेट्रॉइटच्या कावळ्याला माणसं मारून हवी असतात. फरक एवढाच नाही, पण हा आहेच.

पहिल्या सिनेमाची गोष्ट सुरू होते तीच एका खऱ्या मृत्यूनं. अॅलेक्स प्रोयास हा ऑस्ट्रेलियात वाढलेला दिग्दर्शक, आणि एरिकच्या भूमिकेत ब्रँडन ली, ब्रूस लीचा मुलगा. सिनेमात एरिकला ‘ड्रेव्हन’ हे आडनाव मिळालं, त्यात ‘रेव्हन’, म्हणजे डोमकावळा, लपलेला. ३१ मार्च १९९३ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनच्या स्टुडिओत ब्रँडनला गोळी लागली. त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ते कुणाच्याही सेटवर घडू शकतं. रिव्हॉल्व्हर समोरून अगदी जवळून दाखवायचं तर चकरीत शिशाची टोकं दिसली पाहिजेत, म्हणून आधीच्या एका शॉटसाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी बनवली होती. बुडाच्या टोप्या मात्र तशाच राहिल्या. त्यांतली एक टोपी फुटली, तिच्या जोरानं शिशाची गोळी नळीत शिरली आणि तिथेच अडकली. ते कुणी पाहिलं नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये पुऱ्या दारूचा पण गोळी नसलेला बार भरला, तो उडाला, आणि अडकलेली गोळी सुटली. ब्रँडन २८ वर्षांचा होता. सतरा दिवसांनी त्याचं लग्न व्हायचं होतं.

लग्नाआधी मेलेल्या माणसाची गोष्ट, लग्नाआधी मेलेल्या नटानं केलेली. राहिलेली दृश्यं चॅड स्टाहेल्स्की या स्टंटमननं पुरी केली आणि काही ठिकाणी ब्रँडनचा चेहरा संगणकानं त्याच्या अंगावर बसवला. हाच स्टाहेल्स्की पुढे ‘जॉन विक’चा दिग्दर्शक झाला. म्हणजे पहिल्याच सिनेमात तो पांढरा चेहरा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेला होता. मे १९९४मध्ये सिनेमा लागला आणि अमेरिकेत त्यानं सुमारे पाच कोटी डॉलर कमावले. रात्र, पाऊस, काळ्या छपरांवरून धावणारी एक पांढरी आकृती. पोरं त्या आकृतीसाठी पुन्हा पुन्हा जात होती. ती आकृती आता जिवंत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग पुढचा भाग निघणारच. मिरामॅक्स कंपनीनं तो टिम पोपकडे दिला. हा ‘द क्युअर’ या बँडचे व्हिडिओ करणारा माणूस, आणि पहिल्या सिनेमासाठी ‘द क्युअर’नं गाणं दिलेलं, म्हणजे कूळ जुळत होतं. पटकथा डेव्हिड गोयरची, जो पुढे ‘ब्लेड’ आणि ‘बॅटमॅन बिगिन्स’ लिहिणार होता. ब्रँडनच्या जागी नवा एरिक उभा करायचा नाही, एवढं दोघांनी पक्कं केलं. हा मोठा शहाणपणा होता. कल्पना बऱ्याच आल्या आणि गेल्या, शेवटी उरले बाप आणि लेक. अॅश कॉर्व्हेन हा मोटारसायकलींचा मेकॅनिक आणि त्याचा लहान डॅनी एक खून पाहतात, म्हणून दोघांना मारून पाण्यात टाकलं जातं. अॅशचं काम व्हिन्सेंट पेरेझ या स्विस नटाकडे, सेराचं मिया कर्शनरकडे. ‘अॅश’ म्हणजे राख, ‘कॉर्व्हेन’मध्ये पुन्हा लॅटिन कावळा. नाव ठेवायची ही रीतसुद्धा दुसऱ्या भागात पक्की झाली.

पोपनं केलेल्या काही गोष्टी मला आजही आवडतात. पहिला सिनेमा काळा, पावसात भिजलेला. याचा रंग पिवळा-हिरवट, सोडियमच्या दिव्यासारखा, धुरकट, आजारी. पहिला ऑक्टोबरच्या शेवटी, हॅलोविनच्या आदल्या रात्री घडतो. हा मेक्सिकन लोकांच्या मृतांच्या दिवसाकडे सरकतो, त्यामुळे रस्ते कवट्या, मेणबत्त्या आणि झेंडूंनी भरलेले. मेलेले वर्षातून एकदा घरी जेवायला येतात असं मानणाऱ्या लोकांमध्ये एक मेलेला माणूस चालतोय आणि कुणालाही दचकायला होत नाही. हे फार सुंदर आहे. कर्व्ह नावाचा खलनायक पाण्यात वाहत जातो तेव्हा वरच्या भाविकांनी टाकलेल्या पाकळ्या त्याच्याभोवती पंख पसरलेल्या कावळ्याचा आकार धरतात.

आणि हा कर्व्ह कोण? इगी पॉप. ज्याच्या अंगयष्टीवरून ओबारनं बर्लिनमध्ये एरिक काढला होता, तोच आता एरिकच्या वारसाकडून मार खातोय. पहिल्या सिनेमातही त्याला विचारलं होतं, तारखा जुळल्या नव्हत्या.

गोयर आणि पोपला वेगळा सिनेमा हवा होता. मिरामॅक्सला पहिल्यासारखा हवा होता. चित्रीकरण झाल्यावर कंपनीनं सिनेमा पुन्हा कापायला लावला, पहिल्याच्या जितका जवळ नेता येईल तितका नेला, आणि उरली चौऱ्याऐंशी मिनिटं. पोप आणि गोयर, दोघांनीही त्यावरचा हक्क नाकारला. बघताना शिवण दिसते. माणसं ओळख व्हायच्या आत मरतात, बापाचं दुःख एका वाक्यात उरकतं, आणि जिथे नवं काही उगवेल असं वाटतं तिथे जुन्या सिनेमाचा एखादा तुकडा येऊन बसतो. ऑगस्ट १९९६च्या अखेरीला सिनेमा लागला, पहिल्या आठवड्याअखेर कमाईत अव्वल राहिला आणि मग उतरत गेला. एकूण कमाई पावणेदोन कोटी डॉलरच्या थोडी वर.

मला हा सिनेमा पाहताना घाटावरच्या त्या गुरुजींचं घड्याळ आठवतं. खरा कावळा आला नव्हता आणि वेळ झाली होती. आकार ठाऊक होता, काड्या हाताशी होत्या. विधी पुरा झाला, हे कुणी नाकारणार नाही.

एकदा गाठ मारायची कशी हे कळलं की कुणालाही मारता येते. त्याच वर्षी शरदात स्टिंग हा अमेरिकन पैलवान तोच पांढराकाळा चेहरा आणि लांब काळा कोट घालून वावरू लागला आणि पुढे कुस्तीच्या रिंगणावर छतातून उतरू लागला. आपल्याकडे नव्वदीत केबलवर कुस्ती पाहणारी पोरं त्याला ओळखायची आणि हा चेहरा बर्लिनच्या एका दुखऱ्या कागदावरून आलाय याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. त्यानंतर दूरदर्शन मालिका झाली, २००० आणि २००५मध्ये आणखी दोन सिनेमे झाले. दर सिनेमात नवा मेलेला माणूस, तोच रंग. २०२४मध्ये पुन्हा एरिक आणि शेलीला उठवलं गेलं.

ओबारला त्यातून काय मिळालं? चित्रकथा काढून मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. उलट प्रत्येक पानागणिक राग वाढत गेला, असं त्यानं नंतर मुलाखतींत सांगितलं. मग २०११मध्ये, पहिल्या रेघेनंतर तीस वर्षांनी, त्यानं पुस्तकाची नवी आवृत्ती काढली. तरुणपणी जी पानं त्याच्या हातून उतरली नव्हती ती आता काढून आत बसवली. त्यांत मारामारी नाही. एरिक आगगाडीत बसलाय आणि खिडकीबाहेर एक पांढरा घोडा काटेरी तारांत अडकलाय. गाडी थांबत नाही.