अर्भकाच्या जबड्यातील रंजकयुक्त अर्बुद
बाळाच्या पहिल्या वर्षात, बहुधा वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात वाढणारी अत्यंत दुर्मीळ गाठ. क्रोम्पेखर यांनी १९१८ मध्ये तिचे पहिले वर्णन केले. ज्या गर्भपेशींपासून चेतापेशी व रंजकपेशी घडतात, त्यांतूनच ती उगवते, हे मत १९६६ मध्ये बोरेलो आणि गॉर्लिन यांनी मांडले.

निदान : हिरडी फुगून निळसर-काळी दिसते. काही आठवड्यांतच ओठ वर उचलला जातो, दाताचे कोंब सरकतात आणि बाळाला दूध ओढणे जड जाते. हा रंग आणि हा वेग पाहून कर्करोगाची धास्ती वाटते. प्रत्यक्षात बहुतेक गाठी सौम्य असतात. सीटी स्कॅनने हाडातील व्याप्ती कळते. खात्री बायोप्सीने होते : मेलॅनिन भरलेल्या मोठ्या पेशी आणि चेतापेशींसारख्या लहान, गोल पेशी शेजारी-शेजारी आढळतात.

उपचार : गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढतात.

गाठ परतलीच तर बहुधा वर्षभरात परतते. म्हणून या काळात तपासण्या वारंवार करतात. पुढे दात व जबड्याच्या वाढीवरही लक्ष ठेवावे लागते.