अंतर्गत जलनिस्सारण मंडळ (इंग्लंड)

अंतर्गत जलनिस्सारण मंडळ ही इंग्लंडच्या सखल प्रदेशांत पाण्याचा निचरा व पाणीपातळीचे नियमन करणारी स्थानिक सार्वजनिक संस्था आहे. देशात अशी शंभराहून अधिक मंडळे असून त्यांच्या क्षेत्रात सुमारे 12 लाख हेक्टर जमीन येते. पूर्वेकडील फेन्स प्रदेशाचा काही भाग समुद्रसपाटीखाली आहे. तेथे पंप दीर्घकाळ बंद राहिले तर शेतांबरोबर वस्त्याही पाण्याखाली जातील. मुख्य नद्या मात्र मंडळांकडे नसून राष्ट्रीय पर्यावरण संस्थेकडे आहेत.

इतिहास

निचऱ्याच्या कामांसाठी आयुक्त नेमण्याच्या मध्ययुगीन प्रथेला 1531 च्या कायद्याने पक्के रूप आले. आजची मंडळे 1930 च्या कायद्यातून उभी राहिली. त्यांची रचना 1991 च्या भूमी जलनिस्सारण कायद्यानुसार ठरते.

सदस्यांची निवड व नेमणूक

मंडळात निर्वाचित आणि नियुक्त असे दोन प्रकारचे सदस्य असतात. निर्वाचित सदस्यांना निचरापट्टी भरणारे भोगवटादार, म्हणजे मुख्यतः शेतकरी, तीन वर्षांसाठी निवडून देतात. येथे ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व नाही. जमिनीच्या आकारणीमूल्यानुसार एका मतदाराला एक ते दहा मते मिळतात. उमेदवारीसाठीही किमान 4 हेक्टर जमिनीची मालकी किंवा 8 हेक्टरांचा भोगवटा यांसारखी पात्रता लागते. भूमिहीन मनुष्य पात्र जमीनमालकाने सुचविला तरच उभा राहू शकतो.

घरे व दुकाने यांच्याकडून मंडळ थेट पट्टी घेत नाही. त्यांचा वाटा स्थानिक परिषद ‘विशेष आकारणी’ म्हणून मंडळाला देते आणि आपल्या नागरी करातून वसूल करते. या वाट्याच्या प्रमाणात परिषदेला सदस्य नेमता येतात. ते नगरसेवकच असावेत असे बंधन नाही; मंडळाच्या कामाचे ज्ञान किंवा अनुभव मात्र पाहावा लागतो.

नियुक्त सदस्यांची संख्या निर्वाचितांपेक्षा एकाहून अधिक असू शकत नाही. त्यामुळे खर्चाचा फार मोठा भाग शहरी करदात्यांवर पडत असला तरी परिषदेला निसटतेच बहुमत मिळते. शिवाय तिच्या वाट्याच्या जागा काही मंडळांत रिकाम्या राहतात. मग हे बहुमत कागदावरच उरते आणि पंप केव्हा चालवायचा, कोणता चर आधी उपसायचा हे शेतकरी सदस्यच ठरवतात. त्यांना जमिनीची जाण अधिक असते हे खरे. पण निर्णयात त्यांचे हितसंबंधही गुंतलेले असतात.

कारभार

अध्यक्षाची निवड सदस्य आपल्यातूनच करतात. दैनंदिन काम पगारी चिटणीस व अभियंता पाहतात. लहान मंडळांपैकी अनेक मंडळे एकत्र येऊन सामाईक कार्यालय चालवतात.