धूसरपणाचा हिशेब

फोकस म्हणजे स्पष्टता, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो एक सौदा आहे. एका अंतरावरची वस्तू रेखीव हवी असेल, तर तिच्या पुढचं आणि मागचं थोडंफार सोडून द्यावं लागतं. कॅमेऱ्याच्या इतिहासाची जवळपास दोनशे वर्षं हा सौदा जरा स्वस्तात पटवण्यात गेली आहेत. या खटपटीत नाशिकला जन्मलेल्या एका माणसाने एक वेगळाच प्रश्न विचारला: सोडून द्यायचंच असेल, तर ते परत मिळवता येईल अशा रीतीने का सोडू नये? रमेश रासकर हे त्यांचं नाव. त्यांच्या कामाबद्दल मराठीत जे छापून येतं त्यात बहुतेक वेळा पुरस्कारांची यादी असते. मला त्यांच्या विचाराची वाट महत्त्वाची वाटते.

मी छत्रपती संभाजीनगरात बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. भिंगाचं सूत्र मुलांना पाठ असे, पण हा सौदा काही केल्या डोक्यात उतरत नसे. मग मी अजिंठ्याचं उदाहरण घ्यायचो. आमच्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवरच्या त्या लेण्यांच्या दालनांत उजेड अगदी कमी. फ्लॅशला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. समजा, तुम्हाला जवळचा खांब आणि त्याच्यामागची रंगवलेली भिंत, दोन्ही रेखीव हवेत. त्यासाठी भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं. पण छिद्राचा व्यास निम्मा केला की प्रकाश चौपटीने घटतो. एफ-२ वरून एफ-१६ वर गेलात तर प्रकाश चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. जिथे सेकंदाचा आठवा भाग पुरला असता, तिथे आठ सेकंद लागतात. आठ सेकंदांत माणसं हलतात, हात हलतो आणि सगळा फोटो फराटतो. म्हणजे खोलीतला धूसरपणा टाळायला जावं, तर वेळेतला धूसरपणा पदरी पडतो.

मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये नेमलं गेलं. त्याने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठी तैलचित्रं केली. त्यांतली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पुढे गिलने कॅमेराही हाती घेतला आणि त्याच्या फोटोंची पुस्तकं १८६४ मध्ये निघाली. त्या काळच्या काचांना आजच्या सेन्सरच्या मानाने कितीतरी जास्त प्रकाश लागे. मंद उजेडातली चित्रं टिपायला त्या काळी कुंचलाच का जवळचा वाटावा, हे त्या अंधारात उभं राहिलं की कळतं.

कॅमेरा लहान झाला तेव्हा सामान्य माणसासाठी या प्रश्नाचं एक सोपं उत्तर निघालं: फोकस करूच नका. आमच्या पिढीच्या घराघरांत दिसलेला आगफा क्लिक थ्री किंवा नंतरचा हॉटशॉट, दोन्हींची भिंगं एकाच जागी पक्की बसवलेली. छिद्र लहान, अंतर ठरलेलं. काही पावलं दूर आणि उन्हात उभे राहिलात की फोटो बरा येई. म्हणूनच आपल्या जुन्या अल्बममधली माणसं अंगणात किंवा गच्चीवर, उन्हाने डोळे किलकिले करून, पूर्ण उंचीची उभी दिसतात. ती शिस्त भिंगाने लावली होती.

ज्यांना जवळून किंवा कमी उजेडात फोटो हवे होते त्यांना अंतर मोजणं भाग होतं. १९३२ च्या लायका-२ मध्ये अंतरमापक थेट भिंगाशी जोडलेला होता. खिडकीत दोन प्रतिमा दिसत, भिंग फिरवत त्या एकमेकींवर आणायच्या. जुळवण्याचं काम अर्थातच माणसाच्या डोळ्याचं. ते काम यंत्राकडे सोपवलं हनीवेल कंपनीतल्या नॉर्मन स्टॉफर या अभियंत्याने. त्याच्या 'व्हिझिट्रॉनिक' या छोट्या भागात दोन आरसे होते, एक स्थिर आणि एक फिरणारा. दोन्हींतून येणाऱ्या प्रतिमा प्रकाशसंवेदी कणांच्या दोन गटांवर पडत आणि त्या जुळल्या की भिंग जागच्या जागी थांबे. १९७७ मध्ये हा भाग कोनिका सी-३५ एएफ या कॅमेऱ्यात बसला आणि आपणहून फोकस करणारा, मोठ्या प्रमाणावर विकला जाणारा पहिला कॅमेरा बाजारात आला. लगेच पुढच्या वर्षी पोलरॉइडने वटवाघळासारखा स्वनातीत ध्वनी सोडून अंतर मोजलं. १९७९ मध्ये कॅननने अवरक्त किरण वापरले.

या शोधांची किंमत किती होती हे न्यायालयात ठरलं. मिनोल्टाचा १९८५ चा मॅक्सम ७००० हा कॅमेरा तुफान खपला आणि हनीवेलने पेटंटभंगाचा दावा लावला. १९९२ मध्ये ज्यूरीचा कौल हनीवेलच्या बाजूने गेला, आणि शेवटी मिनोल्टाला पावणेतेरा कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली.

इथपर्यंतच्या सगळ्या हुशारीचं गृहीतक एकच होतं: धूसरपणा म्हणजे चूक, ती घडण्याआधी टाळायची.

रासकर या गृहीतकाकडे बाहेरून आले, हे मला महत्त्वाचं वाटतं. ते भिंगं घासणारे नव्हेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे सीओईपीतून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात त्यांनी संगणकशास्त्रात डॉक्टरेट केली. मग मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या प्रयोगशाळेत ते काम करू लागले. संगणकाच्या माणसाला फोटो म्हणजे आकड्यांची वही. त्यामुळे त्यांचा प्रश्नही हिशेबाचा होता: फोटो धूसर होतो तेव्हा नेमकं काय पुसलं जातं?

याचं उत्तर समजायला दिवाळीच्या माळेचा फोटो आठवा. फोकसबाहेरचा प्रत्येक दिवा गोल चकती होऊन दिसतो, कारण भिंगाचं छिद्र गोल असतं. छिद्रासमोर बदामाच्या आकारात कापलेला पुठ्ठा धरा, दिव्यांचे बदाम होतील. म्हणजे फोकसबाहेरचा प्रत्येक बिंदू छिद्राच्या आकाराचा शिक्का मारतो, आणि धूसर फोटो म्हणजे असे लाखो शिक्के एकमेकांवर सांडलेले. आता एखाद्या साडीवरचे काळे-पांढरे पट्टे घ्या. पट्ट्यांची रुंदी आणि चकतीचा आकार यांचा मेळ विशिष्ट प्रकारे बसला की काळं-पांढरं बरोबर समसमान मिसळतं आणि हाती सपाट करडा रंग येतो. तिथे पट्टे होते याची खूणही राहत नाही. नुसत्या मंद झालेल्या गोष्टी गणिताने उजळता येतात, शून्य झालेल्या नाही. गोल छिद्राचा खरा दोष हा आहे.

मग छिद्रच गोल ठेवायचं नाही. त्यात काळ्या आणि पारदर्शक चौकोनांची, मुद्दाम बेढब मांडलेली जाळी बसवायची. आता शिक्का असा उमटतो की कोणत्याही रुंदीचे पट्टे पूर्ण पुसले जात नाहीत. सगळ्यांचा थोडा थोडा अंश शिल्लक राहतो. जाळीची मांडणी आपल्याला माहीत असते, म्हणून संगणक उलटा हिशेब करून फोटो परत रेखीव करू शकतो. अशोक वीरराघवन, अमित अग्रवाल, अंकित मोहन आणि जॅक टम्बलिन यांच्यासह रासकरांनी हे काम २००७ च्या सिग्राफ परिषदेत मांडलं. त्याच परिषदेत अॅनाट लेव्हिन आणि तिच्या एमआयटीतल्या सहकाऱ्यांनीही अशाच जाळीने अंतर ओळखण्याची रीत मांडली होती. कल्पना पिकली की ती दोन झाडांवर एकदम दिसते.

जाळीची कल्पना आकाशातून आली होती, अगदी शब्दशः. क्ष-किरण साध्या भिंगाने वळत नाहीत, म्हणून १९६८ पासून खगोलशास्त्रज्ञ अशा जाळीची सावली टिपून त्यावरून आकाशाचं चित्र काढण्याचा विचार करत होते. २०१५ मध्ये भारताने सोडलेल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरही टँटलम धातूची अशी जाळी आहे आणि त्या उपकरणाच्या माहितीचं काम पुण्याच्या आयुकात चालतं. दूरच्या ताऱ्यांसाठीची युक्ती हातातल्या कॅमेऱ्यात आणणं हे २००७ चं पाऊल.

वेळेतल्या धूसरपणावरचा उपाय त्यांनी आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, मांडला होता. एरवी शटर उघडतं, थोडा वेळ उघडं राहतं, मिटतं. तेवढ्यात धावणारी गाडी फराटा होऊन जाते. रासकर, अग्रवाल आणि टम्बलिन यांनी एकाच फोटोच्या काळाचे ५२ तुकडे केले आणि शटर ठरावीक पण ओबडधोबड लयीत उघडझाप करायला लावलं. फराटा तरीही उमटतो, पण त्यात लय कोरलेली असते. ती माहीत असली की गाडीची नंबरप्लेट वाचता येते. पुन्हा तेच सूत्र: माहिती गमवायचीच तर मोजून गमवा.

सौदा इथेही फुकट नव्हता. जाळीने आणि उघडझाप करणाऱ्या शटरने जवळजवळ निम्मा प्रकाश अडतो. उलट्या हिशेबात फोटोतली खरखरही वाढते. आणि फोनच्या कॅमेऱ्यांनी शेवटी वेगळीच वाट धरली. फोनच्या भिंगाचं नाभीय अंतर जेमतेम काही मिलिमीटर, म्हणून बहुतेक देखावा आपसूक रेखीव येतो. जवळच्या वस्तूंसाठी एक चिमुकली मोटर भिंगाला केसभर पुढेमागे सरकवते. गंमत म्हणजे इतकी वर्षं टाळलेला धूसरपणा आता लोकांना हवासा झाला. पोर्ट्रेट मोडमध्ये फोन हिशेब करून पार्श्वभूमी पुसतो. जुन्या मोठ्या भिंगांची खोड आता मुद्दाम उसनी आणली जाते.

म्हणून मला रासकरांच्या वाटेचा खरा टप्पा या जाळीच्याही पुढचा वाटतो. २००८ मध्ये ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले. २००९ मध्ये त्यांच्या गटाने 'बोकोड' नावाचा जेमतेम ३ मिलिमीटरचा बारकोड केला. त्याच्यावर एक इवलंसं भिंग होतं. कॅमेरा त्याच्यावर नीट फोकस केला तर नुसता ठिपका दिसे. फोकस मुद्दाम दूरवर नेला की त्याच ठिपक्याची मोठी चकती होई आणि चकतीत आतली नक्षी स्वच्छ वाचता येई. इथे धूसरपणा दुरुस्त करायचा नव्हता. तोच निरोप आणत होता.

पुढच्या वर्षी त्यांनी हीच मांडणी उलट फिरवली. कॅमेऱ्याच्या जागी माणसाचा डोळा आणि बारकोडच्या जागी फोनचा पडदा. २०१० मध्ये व्हिटोर पाम्प्लोना, अंकित मोहन, मानुएल ऑलिव्हेरा आणि रासकर यांनी मांडलेल्या या उपकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून शब्द होतो 'नेत्र'. मुळातली युक्ती चारशे वर्षं जुनी आहे. ख्रिस्तोफ शायनर या जर्मन विद्वानाने १६१९ मध्ये लिहून ठेवलं होतं की पुठ्ठ्याला जवळजवळ दोन छिद्रं पाडून त्यांतून पाहिलं, तर फोकसबाहेरची वस्तू दुहेरी दिसते. ज्याला लांबचा नंबर आहे त्याने चष्मा काढून दूरचा दिवा असा पाहावा. 'नेत्र'मध्ये फोनवर छोटं भिंग लावून आत पाहायचं. बाहुलीच्या वेगवेगळ्या भागांतून येणाऱ्या दोन रेषा दिसतात. निर्दोष डोळ्यात त्या एकत्र येतात, सदोष डोळ्यात वेगळ्या पडतात. बटण दाबत त्या जुळवायच्या. किती वेळा दाबावं लागलं, त्यावरून चष्म्याचा नंबर.

जरा मागे वळून पाहिलं तर हे लायकाच्या खिडकीतलं काम आहे: दोन प्रतिमा एकमेकींवर आणणं. तिथे डोळा बिनचूक मानून भिंगाचं अंतर मोजत होते, इथे अंतर माहीत आहे आणि मोजमाप डोळ्याचं चाललं आहे.

याची गरज कोणाला, हे माझ्या जिल्ह्यात शोधायला लांब जावं लागत नाही. पैठणला मागावर पैठणी विणणाऱ्या बायका, शहरातले हिमरू विणणारे हात, गावोगावी शिवणयंत्रावर बसलेली माणसं, या सगळ्यांची कमाई हातभर अंतरावरच्या धाग्यावर अवलंबून असते. चाळिशी ओलांडली की नेमकं तेच अंतर धूसर होतं. मराठीत त्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात, इतकी ती सार्वत्रिक गोष्ट. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार चाळिशी लागूनही योग्य चष्मा नसलेले लोक जगात ८२ कोटींहून अधिक आहेत. हा रोग असाध्य नाही, त्यावरचं औषध काचेचे दोन तुकडे आहे.

रासकरांना २०१६ मध्ये लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला, पाच लाख डॉलरचा. त्यांचं नाव जगभर गाजलं ते सेकंदाला एक लाख कोटी चित्रं टिपण्याच्या वेगाने प्रकाशाचा प्रवास दाखवणाऱ्या कॅमेऱ्यामुळे. तो विस्मयकारक आहेच. पण विणणाऱ्या बाईचा नंबर मोजणारी दोन रेषांची युक्ती मला त्याहून मोठी वाटते, आणि अपुरीही. नंबर कळला म्हणजे चष्मा मिळाला असं होत नाही. मधे दुकान असतं, बसभाडं असतं, बुडालेली मजुरी असते, आणि 'या वयात कशाला' म्हणणारं घर असतं. या अंतरावर फोकस करणारं भिंग प्रयोगशाळेत तयार होत नाही. ते काम पंचायतीचं, आरोग्यकेंद्राचं आणि शेजाऱ्यांचं आहे.

मोजमाप मात्र आता अवघड राहिलेलं नाही, आणि ही गोष्ट लहान नव्हे. मोजता येत नाही म्हणून जे सोडून दिलं जात होतं, ते यापुढे त्या कारणासाठी सोडता येणार नाही.